तांबड्या महाराक्षसी ताऱ्याच्या गर्भातील न्यूट्रॉन तारा : थॉर्न-झिट्कोव्ह पिंडांची संकल्पना आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

उन्हाळ्याच्या रात्री दक्षिण आकाशात वृश्चिकाच्या मध्यावर दिसणारी ज्येष्ठा आणि हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या एका कोपऱ्यात तळपणारी काक्षी हे तारे त्यांच्या तांबूस वर्णामुळे नुसत्या डोळ्यांनीही वेगळे ओळखू येतात. दोन्ही तारे तांबडे महाराक्षसी या वर्गातील आहेत. सूर्याच्या जागी काक्षी ठेवली, तर बुधापासून मंगळापर्यंतच्या चारही ग्रहांच्या कक्षा तिच्या पोटात सामावतील. अशा ताऱ्याच्या अंतरंगाचे पदवी-स्तरावरील पाठ्यपुस्तकांत येणारे चित्र आपल्या परिचयाचे आहे. बाहेर हायड्रोजनचे विरळ व तुलनेने थंड आवरण, त्याखाली हेलियम, आणि ताऱ्याचे वय वाढेल तसतसे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकाखाली एक साचत जाणारे कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन व अखेरीस लोह यांचे थर. बहुतेक महाराक्षसी ताऱ्यांना हे चित्र लागू पडते यात शंका नाही. ते सर्वच ताऱ्यांना लागू पडते काय, हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करणारे किप थॉर्न आणि पोलिश खगोलशास्त्रज्ञ ॲना झिट्कोव्ह यांनी १९७५ मध्ये या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर सुचविले. बाहेरून तांबडा राक्षसी वा महाराक्षसी दिसणारा, परंतु केंद्रस्थानी एक संपूर्ण न्यूट्रॉन तारा बाळगणारा तारा समतोल अवस्थेत राहू शकतो, असे त्यांनी गणिताने दाखविले. १९७७ मध्ये त्यांनी त्याच्या विस्तृत गणिती प्रतिकृती प्रसिद्ध केल्या. अशा ताऱ्यास आज ‘थॉर्न-झिट्कोव्ह पिंड’ म्हणतात. या कल्पनेला अर्धशतक होऊन गेले, तरी असा एकही पिंड निर्विवादपणे सापडलेला नाही.

प्रस्तुत लेखात या पिंडांची रचना व निर्मिती यांचा परिचय करून देऊन त्यांचा शोध इतका अवघड का ठरला, याचे विवेचन केले आहे. ताऱ्याचे अंतरंग आपल्याला कधीच प्रत्यक्ष दिसत नाही. पृष्ठभागावरून येणाऱ्या प्रकाशावरून आपण त्याचे अनुमान करतो. दोन सर्वस्वी भिन्न अंतरंगांवर जवळजवळ सारखाच पृष्ठभाग असेल, तर हे अनुमान कितपत भक्कम राहते, हा या विषयाचा गाभा आहे. हा प्रश्न केवळ भौतिकशास्त्राच्या अध्यापकांपुरता मर्यादित नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

लँडाउ यांची मूळ कल्पना

ताऱ्याच्या पोटात न्यूट्रॉनांचा गाभा ही कल्पना १९७५ मध्ये नवी नव्हती. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लावला. त्यानंतर दोनच वर्षांनी वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी सामान्य ताऱ्याचे अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटात न्यूट्रॉन ताऱ्यात रूपांतर होत असावे, असे सुचविले. त्या काळी सूर्याची ऊर्जा कोठून येते, हे मात्र कोणासही निश्चित ठाऊक नव्हते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लँडाउ यांनी या दोन कोड्यांची सांगड घातली. सर्वसामान्य ताऱ्याच्या केंद्रस्थानी न्यूट्रॉनांचा लहानसा गाभा असावा, बाहेरचे द्रव्य हळूहळू त्यावर पडत राहावे आणि पडताना मुक्त होणाऱ्या गुरुत्वीय ऊर्जेवर तारा प्रकाशत राहावा, अशी ती कल्पना होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टालिनच्या राजवटीने लँडाउ यांना अटक केली. प्योत्र कापित्सा यांच्या रदबदलीमुळे वर्षभराने त्यांची सुटका झाली. ताऱ्यांच्या अंतरंगाविषयीच्या एका शोधटिपणामागे एवढी भीषण पार्श्वभूमी असावी, हे त्या काळाचेच द्योतक म्हटले पाहिजे.

या कल्पनेतील भौतिकी मुळीच पोरकट नव्हती. हायड्रोजनचे हेलियममध्ये संमीलन होताना वस्तुमानाच्या केवळ ०.७ टक्के भागाचे ऊर्जेत रूपांतर होते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर पडणाऱ्या द्रव्यातून मात्र त्याच्या वस्तुमान-ऊर्जेच्या १० ते २० टक्के ऊर्जा मुक्त होऊ शकते. सूर्यामध्ये आज दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे संमीलन होते. सूर्याच्या पोटात न्यूट्रॉन गाभा असता, तर तेवढ्याच प्रकाशासाठी सेकंदाला सुमारे दोन ते चार कोटी टन द्रव्य त्यावर पडणे पुरेसे झाले असते.

ही कल्पना टिकली नाही, याची कारणे दोन. न्यूट्रॉनांचा गाभा स्थिर राहण्यासाठी सूर्याच्या वस्तुमानाचा एक-सहस्रांश भागही पुरेल, असा लँडाउ यांचा अंदाज होता. रॉबर्ट ओपेनहायमर आणि रॉबर्ट सर्बर यांनी त्याच वर्षी अणुकेंद्रीय बलांचा विचार करून ही किमान मर्यादा सुमारे एक-दशांशापर्यंत वर नेली. एवढा मोठा गाभा सूर्याच्या आत लपून राहणे शक्य नव्हते. दुसरीकडे हान्स बेथे यांनी १९३८-३९ मध्ये अणुकेंद्रीय संमीलनाच्या प्रक्रिया स्पष्ट केल्या आणि सूर्याच्या ऊर्जेचे कोडे सुटले. सूर्यापुरती लँडाउ यांची कल्पना चुकीची ठरली. ‘सूर्यात नाही’ म्हणजे ‘कोठेच नाही’ असा मात्र याचा अर्थ होत नाही. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला स्पंदक तारा आढळला. न्यूट्रॉन तारे खरोखरच अस्तित्वात आहेत हे त्यानंतर सर्वमान्य झाले आणि जुना प्रश्न नव्याने विचारण्यास आधार मिळाला.

पिंडाची अंतर्रचना

थॉर्न-झिट्कोव्ह पिंडाचे परिमाण कल्पनेत आणणे कठीण आहे. गाभ्यातील न्यूट्रॉन ताऱ्याची त्रिज्या सुमारे १० ते १२ किलोमीटर, तर बाह्य आवरणाची त्रिज्या सूर्याच्या हजारपट, म्हणजे सुमारे ७० कोटी किलोमीटर. गाभा मोहरीच्या दाण्याएवढा मानला, तर ताऱ्याचा पृष्ठभाग त्यापासून जवळजवळ ६० किलोमीटर अंतरावर येतो. तरीही या दाण्याचे वस्तुमान सूर्याच्या वस्तुमानाहून अधिक, साधारणतः १.४ पट असते.

येथे स्वाभाविक शंका अशी की, इतक्या प्रबळ गुरुत्वाकर्षणापुढे आवरणातील सर्व द्रव्य आत कोसळून का पडत नाही? याचे उत्तर प्रारणदाबात आहे. गाभ्याच्या लगत द्रव्याचे तापमान शंभर कोटी अंशांच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. तेथून बाहेर पडणारा प्रकाश वरच्या द्रव्यास इतक्या जोराने बाहेर ढकलतो की, आत पडण्याचा वेग आपोआप मर्यादित होतो. गुरुत्वाकर्षण आणि प्रारणदाब यांच्या या तुल्यबळ अवस्थेस आर्थर एडिंग्टन यांच्या नावावरून ‘एडिंग्टन मर्यादा’ म्हणतात. धरणाच्या दरवाजातून पाणी सुटावे त्याप्रमाणे द्रव्य गाभ्यावर पडत राहते, पण धरण फुटत नाही.

थॉर्न व झिट्कोव्ह यांच्या गणितानुसार असे पिंड दोन प्रकारचे होते. कमी वस्तुमानाच्या पिंडांची ऊर्जा मुख्यतः लँडाउ यांनी कल्पिल्याप्रमाणे गुरुत्वीय असते. सूर्याच्या सुमारे बारापट किंवा अधिक वस्तुमानाच्या महाराक्षसी पिंडांत मात्र बहुतांश ऊर्जा आवरणाच्या तळाशी होणाऱ्या अणुकेंद्रीय ज्वलनातून मिळते. या दोहोंच्या दरम्यान कोणताच स्थिर पिंड संभवत नाही, असेही त्यांना आढळले होते. ही ‘निषिद्ध दरी’ पुढे वादाचा विषय झाली. तिचा उल्लेख नंतर येईल.

महाराक्षसी पिंडातील ज्वलनाची तऱ्हा विशेष लक्ष देण्याजोगी आहे, कारण अशा पिंडाच्या ओळखीची सारी भिस्त तिच्यावरच होती. सामान्य महाराक्षसी ताऱ्यात ज्वलनाचे थर आणि बाह्य आवरण यांच्यात अभिसरण न होणारे थर असतात. त्यामुळे केंद्राजवळ तयार झालेले पदार्थ पृष्ठभागावर सहसा येत नाहीत. थॉर्न-झिट्कोव्ह पिंडात मात्र अभिसरणाचे प्रवाह पृष्ठभागापासून थेट ज्वलनक्षेत्रापर्यंत पोहोचतात. उकळत्या आमटीत तळाचा मसाला वर यावा आणि वरचा तळाशी जावा, तशी ही घुसळण चालते. जड अणुकेंद्र या प्रवाहाबरोबर तळाशी येते, सेकंदाच्या अल्पशा अंशापुरते तेथील भीषण उष्णतेत राहते, तेवढ्यात एखाददुसरा प्रोटॉन ग्रहण करते आणि पुन्हा वर फेकले जाते. वरच्या थंड भागात त्याचा बीटा-क्षय होतो. मग ते पुन्हा खाली येऊन पुढचे प्रोटॉन घेते. प्रोटॉन-ग्रहणाची ही साखळी वारंवार खंडित होत असल्याने तिला ‘खंडित शीघ्र प्रोटॉन-ग्रहण’ म्हणता येईल. कॅनन, गॅरेट बील आदींनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेल्या आकडेमोडीनुसार या प्रक्रियेतून मॉलिब्डेनम, रुबिडियम, यट्रियम, झिर्कोनियम यांसारखी मूलद्रव्ये मोठ्या प्रमाणात तयार होऊन पृष्ठभागावर यायला हवीत. शिवाय तळाशी तयार झालेले बेरिलियम वर येऊन त्याचे लिथियम होते, म्हणून लिथियमचेही आधिक्य दिसायला हवे. म्हणजेच अंतरंगाने आपली साक्ष स्वतःच पृष्ठभागावर लिहून ठेवायला हवी, अशी ही अपेक्षा होती.

पिंड जन्मतो कसा?

पुष्कळ मोठे तारे एकटे नसतात. ते युग्माने जन्मतात. युग्मातील अधिक वस्तुमानाचा तारा आधी आपले आयुष्य संपवून अतिदीप्त नवताऱ्याच्या स्फोटातून न्यूट्रॉन ताऱ्यात रूपांतरित होतो. पुढे त्याचा जोडीदार फुगू लागला की, न्यूट्रॉन तारा त्याच्या आवरणात ओढला जातो. घर्षणाने त्याची कक्षा आकुंचित होत जाते आणि अखेर तो जोडीदाराच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. या अवस्थेस ‘सामाईक आवरण’ असे नाव आहे. दुसऱ्या एका मार्गात स्फोटाच्या वेळी नवजात न्यूट्रॉन ताऱ्यास बसणारा धक्का योगायोगाने नेमका जोडीदाराच्या दिशेने असतो आणि तो थेट त्यावर जाऊन आदळतो.

तिसरी शक्यता गोलाकार तारकागुच्छांतील. तेथे तारे इतके दाटीने असतात की, एकमेकांस पूर्णतः परके असलेले तारेही एकत्र येऊ शकतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अलक रे, अजित केंभवी आणि एच. एम. अंतिया यांनी १९८७ मध्ये भरती-बलांमुळे जुळणाऱ्या अशा युग्मांच्या उत्क्रांतीचा अभ्यास केला होता. या विषयावरील पाश्चात्त्य निबंधांत त्याचा संदर्भ आजही आढळतो. आपल्याकडील विद्यार्थ्यांना तो क्वचितच सांगितला जातो, म्हणून हा मुद्दाम उल्लेख.

फिलिप पॉडसियाडलोव्स्की, कॅनन आणि मार्टिन रीस यांनी १९९५ मध्ये असा अंदाज मांडला की, आपल्या आकाशगंगेत दर पाच हजार वर्षांस निदान एक असा पिंड जन्मत असावा. पिंडाचे आयुष्य एक ते दहा लाख वर्षे धरले, तर या क्षणी आकाशगंगेत असे २० ते २०० पिंड असायला हवेत. हा आकडा लहान दिसला, तरी ज्ञात तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांच्या संख्येकडे पाहता तो शोधास प्रवृत्त करण्याइतका मोठा होता.

एच.व्ही. २११२ : एका ताऱ्याची उलटतपासणी

हा शोध २०१४ मध्ये यशस्वी झाल्यासारखे वाटले. एमिली लेव्हेक, फिलिप मॅसी, ॲना झिट्कोव्ह आणि निडिया मॉरेल यांनी चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेच्या ६.५ मीटर व्यासाच्या मॅगेलन दुर्बिणीचाही वापर करून आकाशगंगेतील व दोन्ही मॅगेलनी मेघांतील मिळून ६२ तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांचे वर्णपट घेतले. १९७५ च्या निबंधाच्या सहलेखिका ३९ वर्षांनंतर आपल्याच भाकिताच्या पडताळणीत सहभागी होत्या, ही विज्ञानाच्या इतिहासातील दुर्मिळ गोष्ट आहे.

तांबड्या ताऱ्याच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे इतर बहुतेक रेषा झाकून टाकतात. त्यामुळे एकेका मूलद्रव्याचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरविणे कठीण असते. म्हणून या गटाने रेषांच्या जोड्यांची गुणोत्तरे मोजली : रुबिडियम व निकेल, लिथियम व पोटॅशियम, लिथियम व कॅल्शियम, मॉलिब्डेनम व लोह. लहान मॅगेलनी मेघातील एच.व्ही. २११२ या ताऱ्यात रुबिडियम, लिथियम आणि मॉलिब्डेनम ही तिन्ही मूलद्रव्ये इतर ताऱ्यांच्या मानाने अधिक दिसली. नावातील दोन अक्षरे हार्वर्ड वेधशाळेच्या रूपविकारी ताऱ्यांच्या यादीची आहेत. आपल्यापासून हा मेघ सुमारे दोन लाख प्रकाशवर्षे दूर आहे. लेखकांनी ‘उमेदवार’ हाच शब्द वापरला होता. वृत्तपत्रांनी तो वगळला.

यानंतर जे घडले, ते न्यायालयातील उलटतपासणीची आठवण करून देणारे आहे. पहिला आक्षेप मूलद्रव्यांविषयी नव्हे, तर पत्त्याविषयी निघाला. टॉम मॅकरोन आणि सेल्मा डी मिंक यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, उपलब्ध तालिकांनुसार या ताऱ्याची निजगती, म्हणजे आकाशात प्रतिवर्षी सरकण्याचा कोन, दोन लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या ताऱ्यासाठी फारच मोठी आहे. तसे असेल, तर तो मॅगेलनी मेघात नसून आपल्याच आकाशगंगेच्या बाह्य भागातील, केवळ काही हजार प्रकाशवर्षे दूर असलेला एक सामान्य राक्षसी तारा ठरतो. अंतर बदलले की तेजस्विता बदलते आणि महाराक्षसी तारा एकदम किरकोळ होतो. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने निजगतीचे नवे मापन करून तारा मेघातीलच असल्याचे सांगितले. २०१८ मध्ये गाया या अंतराळ-दुर्बिणीच्या मापनांनी ते मान्य केले. पत्ता बरोबर होता.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. सूर्याच्या साधारण पाच ते दहापट वस्तुमानाचे तारे आयुष्याच्या अखेरीस ज्या अवस्थेतून जातात, तीत त्यांची आवरणे अत्यंत फुगलेली व तांबडी असतात. अभिसरणामुळे त्यांच्या पृष्ठभागावर लिथियम येते, आणि मंद न्यूट्रॉन-ग्रहणाच्या प्रक्रियेतून रुबिडियम, मॉलिब्डेनम यांसारखी जड मूलद्रव्येही येतात. या अवस्थेस अनंतस्पर्शी राक्षसी शाखा म्हणतात. तिच्यातील सर्वांत जड ताऱ्यांचा वर्ग ‘अति-अनंतस्पर्शी’ या नावाने वेगळा केला जातो. क्रिस्टोफर टाउट आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत झिट्कोव्हही होत्या, २०१४ मध्येच हा पर्याय तपासला होता. एच.व्ही. २११२ मधील बहुतेक लक्षणे दोन्ही प्रकारे समजू शकतात हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केले. न्यूट्रॉन तारा जोडीदाराच्या गाभ्यात शिरताना कॅल्शियम तयार होऊ शकते, अति-अनंतस्पर्शी ताऱ्यात मात्र ते होत नाही, एवढ्याच आधारावर त्यांनी पारडे थॉर्न-झिट्कोव्ह पिंडाकडे झुकविले.

२०१८ मध्ये एमा बीझर, बेन डेव्हिस आदींनी हा आधारही काढून घेतला. एच.व्ही. २११२ ची तुलना त्याच्याच इतक्या थंड ताऱ्यांशी केल्यावर त्यांना त्यात रुबिडियम, मॉलिब्डेनम वा कॅल्शियम यांचे आधिक्य दिसले नाही. लिथियमचे तेवढे दिसले. तेजस्विताही आधी मानली त्याहून कमी भरली. त्यांच्या मते हा सूर्याच्या सुमारे पाचपट वस्तुमानाचा अनंतस्पर्शी शाखेतील तारा होय. त्यांनी एच.व्ही. ११४१७ या दुसऱ्या ताऱ्याकडे लक्ष वेधले, पण पुढे तोही मेघाच्या अलीकडचा, आपल्याच आकाशगंगेच्या बाह्य भागातील असावा, असे मत पुढे आले. ॲना ओ’ग्रेडी व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मॅगेलनी मेघांत एच.व्ही. २११२ सारखे आणखी तारे शोधून काढले आणि २०२३ मध्ये ते अति-अनंतस्पर्शी तारे असणेच अधिक संभवनीय असल्याचा निष्कर्ष काढला. एकमेवाद्वितीय वाटलेल्या ताऱ्याला भावंडे निघाली, तेव्हा त्याच्या अद्वितीय जन्मकथेवरील विश्वास आपोआपच कमी झाला.

भारतीय न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना येथे ‘सव्यभिचार हेतू’ आठवेल. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, कारण जेथे अग्नी नाही तेथे धूर आढळत नाही. जे लक्षण साध्याच्या अभावीही आढळते, ते हेतू म्हणून निरुपयोगी. लिथियम हा असाच सव्यभिचारी हेतू ठरला. रुबिडियमही बव्हंशी तसाच. १९९० च्या दशकातील सिद्धान्त ‘या पिंडात काय दिसेल’ हे सांगत होता, ‘दुसरीकडे कोठे काय दिसणार नाही’ हे सांगत नव्हता. एच.व्ही. २११२ हा थॉर्न-झिट्कोव्ह पिंड नसावा, असेच आजच्या पुराव्यावरून प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. परंतु २०१४ चे काम त्यामुळे वाया गेले असे म्हणता येत नाही, कारण अति-अनंतस्पर्शी ताऱ्यांसारख्या स्वतःच दुर्मिळ असलेल्या वर्गाकडे निरीक्षकांचे लक्ष या वादामुळेच वळले.

सिद्धान्ताची फेरतपासणी

निरीक्षकांच्या अपयशाने सिद्धान्तकारांनाही आपले गणित पुन्हा मांडावे लागले. रॉबर्ट फार्मर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आधुनिक तारकीय उत्क्रांतीच्या संगणकीय प्रणालीत ३९९ समस्थानिकांचा समावेश करून या पिंडांच्या नव्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांचे निष्कर्ष जुन्या समजुतींना धक्का देणारे आहेत. वर उल्लेखिलेली वस्तुमानाची निषिद्ध दरी त्यांच्या प्रतिकृतींत दिसत नाही. अशा पिंडांचे मूलभूत स्पंदन एक हजार ते दोन हजार दिवसांचे असायला हवे, एच.व्ही. २११२ चा आवर्तकाल सुमारे ६०० दिवसांचा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लहान मॅगेलनी मेघाइतके किंवा त्याहून अधिक धातुप्रमाण असलेल्या आपल्या परिसरातील पिंडांत जड मूलद्रव्यांचे आधिक्य फारसे दिसणारच नाही. म्हणजे ज्या खुणांच्या आधारे वीस वर्षे शोध चालला, त्या खुणाच कदाचित तेथे नव्हत्या.

याच निबंधात एक नवी खूणही सुचविली आहे. आवरणाच्या तळाशी टायटॅनियम-४४ हा किरणोत्सारी समस्थानिक तयार होतो. त्याचा अर्धायुकाल केवळ साठ वर्षांच्या आसपास आहे. लाखो वर्षे जगणाऱ्या ताऱ्याच्या वातावरणात तो सापडला, तर तो जन्मापासून शिल्लक असणे अशक्य. तो आतून सतत पुरविला जात असला पाहिजे. हा टायटॅनियम ऑक्सिजनशी संयोग पावून टायटॅनियम ऑक्साइड बनवितो. नेहमीच्या टायटॅनियमचे स्थिर अणू ४६ ते ५० अणुभाराचे असतात. हलका गोळा लावलेली स्प्रिंग जशी किंचित जलद आंदोलन करते, तसा टायटॅनियम-४४ असलेला रेणू किंचित जलद कंप पावतो आणि त्याचे वर्णपट्टे नेहमीच्या जागेपासून थोडे सरकतात. जे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे आजवर निरीक्षकांना अडथळा वाटत होते, त्यांच्यातच आता पुरावा शोधावयाचा आहे. लिथियमच्या तुलनेत हा हेतू बराच अव्यभिचारी वाटतो, कारण सामान्य महाराक्षसी वा अनंतस्पर्शी ताऱ्याच्या वातावरणात टायटॅनियम-४४ चा अखंड पुरवठा करणारी यंत्रणा अपेक्षित नाही.

असे पिंड जन्मतात तरी काय?

याहून मूलगामी शंका गेल्या काही वर्षांत उपस्थित झाली आहे. न्यूट्रॉन तारा जोडीदाराच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो तो सरळ रेषेत नव्हे, तर फिरत फिरत. या फिरण्याचा कोनीय संवेग कोठे तरी जायला हवा. गाभ्याचे द्रव्य शांतपणे न्यूट्रॉन ताऱ्याभोवती स्थिरावण्याऐवजी त्याची वेगाने फिरणारी तबकडी बनली, तर प्रचंड ऊर्जा अल्पावधीत मुक्त होऊन संपूर्ण तारा उधळला जाईल. रोझा एव्हरसन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या मॅगेलनी मेघातील एल.एम.सी. एक्स-४ या क्ष-किरण युग्मताऱ्याच्या भवितव्याचे गणित करून नेमकी हीच शंका मांडली. थॉर्न-झिट्कोव्ह पिंडाचा पूर्वज म्हणून ज्याच्याकडे पाहता येईल असे हे युग्म. पण त्यातून असा पिंड निर्माण होण्याऐवजी स्फोट होण्याची शक्यता त्यांना अधिक दिसते.

या शक्यतेस निरीक्षणाचा आधारही मिळाला आहे. डिलन डाँग आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका रेडिओ स्रोताचे वर्णन प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये अमेरिकेतील अतिविशाल रेडिओ दुर्बीण-व्यूहाने टिपलेला हा स्रोत सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. स्फोटातून बाहेर पडलेले द्रव्य ताऱ्याभोवती आधीच उधळलेल्या दाट कवचावर आदळत असल्याचे त्यावरून दिसले. त्याच जागेवरून २०१४ मध्ये क्ष-किरणांचा झोत आल्याची नोंद होती. या साऱ्याची संगती अशी लावली गेली की, न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर आपल्या जोडीदाराच्या आवरणात शतकानुशतके फिरत राहिले, आवरणाचा काही भाग बाहेर फेकला गेला, आणि गाभ्याशी पोहोचताच स्फोट झाला. हा अर्थ बरोबर असेल, तर विलीनीकरण घडते हे सिद्ध होते. त्यातून स्थिर पिंड उरतो हे मात्र नाही. उलट, ज्या युग्मांतून पिंड जन्मावेत, त्यांतील काही तरी पिंड होण्याआधीच नष्ट होतात असे दिसते.

येथे काय पणाला लागले आहे, हे नेमके सांगणे आवश्यक आहे. आकाशगंगेत २० ते २०० पिंड असावेत हा १९९५ चा अंदाज विलीनीकरणातून स्थिर पिंड उरतो, या गृहीतकावर उभा होता. हे गृहीतक डळमळीत झाले, तर पिंड न सापडण्याचे कारण आपल्या दुर्बिणींत वा खुणांत नसून निसर्गातच आहे, असे म्हणावे लागेल. थॉर्न व झिट्कोव्ह यांनी सिद्ध केले ते एवढेच की, असा तारा अस्तित्वात आला तर तो टिकू शकेल. तो अस्तित्वात येतो काय, हा निराळा प्रश्न आहे. टिकण्याची शक्यता आणि जन्मण्याची शक्यता यांत अध्यापनाच्या ओघात आपण पुष्कळदा गल्लत करतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही.

पृष्ठभागावरील खुणांवर मुळीच विसंबून न राहण्याचाही एक मार्ग सुचविण्यात आला आहे. गर्भातील न्यूट्रॉन तारा पुरेशा वेगाने फिरत असेल आणि त्याचा आकार पूर्णतः गोल नसेल, तर त्यातून एकाच वारंवारतेच्या, अखंड गुरुत्वीय लहरी निघत राहतील. हजार सूर्य-त्रिज्यांचे आवरण प्रकाशास अडविते, गुरुत्वीय लहरींना नाही. लिंडसे डीमार्ची, जॅक्स सँडर्स आणि लेव्हेक यांनी २०२१ मध्ये या शक्यतेचा विचार मांडला. गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल २०१७ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत किप थॉर्न हेही होते. एखाद्या ज्ञात तांबड्या महाराक्षसी ताऱ्याच्या दिशेने अशी अखंड लहर आली, तर वर्णपटातील गुणोत्तरांवरचा वाद बाजूला ठेवता येईल. या लहरी अतिशय क्षीण असल्याने दीर्घकाळ मापन आणि अधिकाधिक संवेदनक्षम शोधकांची जोड लागेल. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली असून, अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांच्याच धर्तीवर तिची रचना आहे.